शिक्का न बसणारी चिठ्ठी

फडक्याला आधी जांभळा रंग लागला. तो आमच्याच शिक्क्याचा. मग चिठ्ठीच्या कडेला घासलं तर हिरवा निघाला, आणि नखानं खरवडलं तर लाल.

दुपारचे दोन वाजायला आले होते. मेडिकलमध्ये मी एकटी. म्हणजे मी आणि माझी दोन वर्षांची गुड्डी, ती मागं पुठ्ठ्यावर बसून रिकाम्या डब्या एकात एक घालत होती. माझ्या हातात मधुरा मॅडमनं आणलेली डॉक्टरांची चिठ्ठी होती, प्लास्टिक केलेली. वीस मिनिटं झाली असतील, त्या चिठ्ठीवर मी त्यांना झोपेच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप देऊन बसले होते. अन् देऊ नको असं मला शंभरदा सांगितलेलं होतं.

थांबा, नीट सांगते. घाईघाईत सांगायला गेलं की माझं सगळं मागंपुढं होतं.

माझं नाव प्रणिता. आमचं गाव यवतमाळकडं. नववीला नापास झाले, घरच्यांनी लग्न लावलं. नवरा शिवापूरच्या बाजूला एका कंपनीत लागला म्हणून आम्ही कात्रजला खोली केली. गुड्डी झाली, ती चालायला लागली तेव्हा मी या मेडिकलमध्ये हेल्पर म्हणून लागले. पोरगी सोबत आणू दिली म्हणूनच लागले.

मेडिकलमध्ये औषध देणारा खरा माणूस म्हणजे फार्मसिस्ट. त्याचं लायसन्स भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं असतं. आमच्याकडं ते काका. सगळी गिऱ्हाइकं त्यांना काकाच म्हणायची. माझं काम खोकी फोडायचं, एक्स्पायरी बघायचं, चिठ्ठी वाचून औषध काढायचं आणि काकांपुढं ठेवायचं. ते बघणार, हो म्हणणार, मग द्यायचं. इंग्रजी मला एकेक अक्षर लावून वाचता येतं. डॉक्टरांचं अक्षर काकांनीच शिकवलं. म्हणायचे, "घाबरू नकोस, हे वाचायला शिक्षण लागत नाही. शिकलेल्यांनाच ते वाचता येत नाही."

दुकान आधी एक ते चार बंद असायचं. पुण्यात तशी पद्धतच. पण समोर तीन मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस कोपऱ्यावर थांबायला लागल्या. या लोकांची दुपार म्हणजे सकाळ. रात्रभर अमेरिकेशी बोलायचं, दिवसा झोपायचं. ते येऊन शटर वाजवायचे. काकांनी 'एक ते चार बंद'चा बोर्ड काही काढला नाही, पण मला मात्र दुपारचं बसवलं. जाताना रोज सांगून जायचे. "तापाची गोळी दे, खोकल्याचं औषध दे, डायपर दे. झोपेची गोळी मी नसताना द्यायची नाही. कोणी रडलं तरी नाही. रडणाऱ्याला तर मुळीच नाही."

मी लागले तेव्हा झोपेची गोळी म्हणजे म्हाताऱ्यांचं औषध. ठरलेली पाचसहा माणसं. एक आजोबा होते, ते अर्धी गोळी घ्यायचे, काका ब्लेडनं गोळ्या अर्ध्या करून द्यायचे. दहा गोळ्यांची स्ट्रिप त्यांना वीस दिवस पुरायची, बरोबर विसाव्या दिवशी यायचे. मग बघता बघता बदललं. पंचवीस-तिशीची पोरं-पोरी यायला लागली. गळ्यात कंपनीचा पट्टा, डोळे लाल. डॉक्टरही लिहून द्यायला लागले. आधी साधे गल्लीतले डॉक्टर पाच दिवसांची द्यायचे, मग पंधरा दिवसांची, मग महिन्याची. आधी पॉइंट टू फाइव, म्हणजे कमी ताकदीची. मग पॉइंट फाइव, म्हणजे दुप्पट. वर्षभरात झोपेच्या गोळ्यांचा खण वरच्या फळीवरून खाली हाताशी आला. काका म्हणायचे, "पूर्वी लोकांना झोप आली नाही तर ते जागे राहायचे. आता त्यालाही औषध निघालं."

या गोळ्यांसाठी दोन गोष्टी कराव्याच लागतात. एक, वहीत लिहायचं. नाव, पत्ता, डॉक्टर, किती दिल्या. दुसरं, चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारून तारीख घालायची. म्हणजे त्या चिठ्ठीवर गोळ्या दिल्या, संपलं. माणूस दुसऱ्या दुकानात गेला तरी त्या दुकानदाराला शिक्का दिसतो. तो म्हणतो, दिलेल्या दिसतात, नवी चिठ्ठी आणा. पोलीस नको, कोणी नको, एवढ्या एका शिक्क्यावर सगळं चालतं.

पण आपल्या लोकांना कागद जपायची फार हौस. शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिक करतील, रेशनकार्ड प्लास्टिक करतील, चिठ्ठीसुद्धा प्लास्टिक करून आणतील. फाटू नये म्हणून. झेरॉक्सच्या दुकानात दोन मिनिटांचं काम. पण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. मारला तर ओला राहतो, बोट लागलं की गेला. बीपी-शुगरवाल्यांचं एक वेळ चालतं, त्यांचं औषध जन्माचं. झोपेच्या गोळीची चिठ्ठी प्लास्टिक केली की ती कधी संपतच नाही. आम्ही मेडिकलवाले रोज तसल्या चिठ्ठीवर शिक्का मारायचो आणि शिक्का मारला म्हणून निर्धास्त राहायचो.

मधुरा मॅडम समोरच्या सोसायटीत राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. माझं बोलणं ऐकून एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमच्या तिकडच्या ना?" मला इतकं बरं वाटलं! पुण्यात मी 'का'ला 'काहून' म्हटलं की लोक हसतात. त्या हसल्या नाहीत, उलट त्यांनीच मला 'काहून' म्हटलं. त्यांना आठ महिन्यांची पोरगी होती, ईरा. मिस्टर कंपनीच्या कामाला परदेशात. घरात या दोघी आणि दिवसा सांभाळायला एक मावशी. मॅडमचं काम रात्रीचं, घरूनच, कॉलवर. बाळ तीन महिन्यांचं असताना परत कामाला लागल्या होत्या, तेव्हापासून झोप गेली ती गेलीच.

त्या दिवशी दीडच्या सुमाराला आल्या. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. काउंटरवर चिठ्ठी ठेवली.

मी म्हटलं, "मॅडम, काका नाहीत. चारला या ना."

"चारला येऊन काय करू, ताई? सहाला माझा कॉल आहे. आताच झोपायला पाहिजे मला."

"मला देऊ देत नाहीत हो."

"मी काय अनोळखी आहे का? काका मला नेहमी देतात."

ते खरंच होतं. काका द्यायचे.

"बाळ कुठाय?" मी विचारलं.

"झोपवून आले. मावशी आली नाही आज, तिच्या घरी कोणी तरी आजारी आहे." असं म्हणाल्या आणि काउंटरच्या काचेवर डोकं टेकवलं. "ताई, तीन दिवस झाले मी डोळा मिटलेला नाही. भिंत हलताना दिसते मला. आज झोपले नाही तर मी वेडी होईन."

गुड्डी चार महिन्यांची असताना मीही अशाच रात्री काढल्या होत्या. नवरा नाइटला, आई गावाला. मला कळत होतं. तेच वाईट झालं, मला कळत होतं. मी खण उघडला आणि स्ट्रिप काढून दिली. चिठ्ठी घेतली, शिक्का मारला. तोपर्यंत मॅडम गेल्यासुद्धा. चिठ्ठी तिथंच राहिली.

शिक्का प्लास्टिकवर फराटला होता. म्हटलं स्वच्छ पुसून ठेवावी, परत घ्यायला येतील. पुसायला घेतली आणि ते रंग निघाले. प्लास्टिक जिथं कडेला चिकटवलेलं असतं तिथं एक बारीक खाच असते. त्यात शाई अडकून राहिली होती. जांभळी आमची. हिरवी चौकाच्या पलीकडच्या मेडिकलची, त्यांचा शिक्का मला माहीत होता. लाल कोणाची ते माहीत नाही. म्हणजे एकाच चिठ्ठीवर तीन दुकानांतून गोळ्या चालल्या होत्या.

मी चिठ्ठी उजेडात धरून वाचली. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. खाली लिहिलेलं, फाइव्ह डेज. पाच दिवस! पाच दिवसांची चिठ्ठी पाच महिने चालली होती. आणि ताकद लिहिलेली पॉइंट टू फाइव. मी दिल्या होत्या पॉइंट फाइव, कारण त्या खणातून मॅडमना तीच देताना मी काकांना बघितलं होतं.

वही काढली. मॅडमचं नाव शोधत मागं मागं गेले. आधी महिन्यानं एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग आठ दिवसांनी. सगळं काकांच्या अक्षरात. नुसती आपली चूक असती तर माणूस एकदा रडून मोकळा होतो. इथं काकांना तरी काय सांगू?

आणि मग डोक्यात आलं, ईरा घरात आहे. मावशी नाही.

काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"काकू, काकांना द्या ना."

"झोपलेत ते. चारला येतील दुकानात."

"उठवा ना हो."

"का? दुकान पेटलं का?"

"काकू, बाई मरंल हो! लहान लेकरू आहे घरात!"

माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे, काकूंनी काकांना उठवून फोनवर बोलावलं. काका आले. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील, उद्यापासून येऊ नकोस म्हणतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "रंग किती निघाले?"

"आपला धरून तीन."

मग म्हणाले, "वहीत पत्ता आहे. शटर ओढ आणि जा. बेल वाजव, दार वाजव, लाज धरू नकोस. मी येतोच."

मी गुड्डीला कडेवर घेतलं आणि पळाले. चपलेचा पट्टा तुटला, ती रस्त्यातच टाकली. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं.

"कुठं? रजिस्टरमध्ये नाव लिहा."

"दादा, चारशे तीन. मधुरा मॅडम. लवकर!"

त्यानं आतला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "उचलत नाहीत. झोपल्या असतील. दुपारी कोणाला उठवायचं नाही अशी नोटीस आहे आम्हाला."

"झोपल्यात म्हणूनच चाललेय ना दादा!"

मी रजिस्टर-बिजिस्टर काही लिहिलं नाही, सरळ जिन्यानं सुटले. लिफ्टची मला भीती वाटते. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझी छाती फुटायची बाकी होती, गुड्डी रडायला लागली होती. आणि चारशे तीनच्या दारातून आतलं रडणं ऐकू आलं. ईराचं. घसा बसलेला, दमून दमून येणारा आवाज. आईला कळतं असं रडणं किती वेळचं आहे ते.

बेल वाजवली. दार बडवलं. हाका मारल्या. काही नाही.

समोरचं दार उघडलं. जोशी आजी म्हणून होत्या, एकट्या राहायच्या. आमच्याकडून गुडघ्याचं मलम न्यायच्या.

"काय गोंधळ चाललाय? ही काय वेळ आहे?"

"आजी, यांची चावी आहे का तुमच्याकडं?"

"आहे. पण त्यांना विचारल्याशिवाय मी देत नाही. आणि तुम्ही मेडिकलमधल्या ना? तुमचं काय काम?"

"मॅडमनं झोपेच्या गोळ्या घेतल्यात. मीच दिल्यात. बाळ रडतंय, त्या उठत नाहीत."

"बाळं रडतातच. परवाही असंच रडत होतं..." त्या बोलत होत्या आणि आतलं रडणं थांबलं.

एकदम थांबलं. हळूहळू कमी होत नाही का मूल झोपी जाताना, तसं नाही. कापल्यासारखं.

आजी त्या वयात पळाल्या. चावी आणली. मी ओढून घेतली आणि उघडलं.

बेडरूममध्ये पडदे ओढलेले, पंखा चालू. मॅडम एका कुशीवर, तोंड उघडं, घोरल्यासारखा जड श्वास. बाळ पलंगावर नव्हतं. मी पलंगाखाली बघितलं, नव्हतं. पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत उशी होती आणि उशीखाली एक पाय दिसला. मी पलंग ओढला, कशी ताकद आली माहीत नाही. ईराला वर काढलं. ओठ काळसर झाले होते. मान खाली. मी तिला पालथं धरून पाठीवर थोपटलं, दोनदा, तीनदा. तोंडातून थोडं दूध आलं. आणि मग तिनं श्वास घेतला आणि रडली. मी खालीच बसले. मी पण रडत होते, गुड्डी पण रडत होती, आजी देवाचं नाव घेत होत्या.

मॅडम मात्र उठल्या नाहीत. एवढ्या रडण्यात नाही उठल्या. मी गालावर मारलं, पाणी मारलं. डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले.

काका आले. पायजम्यावर शर्ट, तोही उलटा. आल्या आल्या नाडी बघितली, मग मला म्हणाले, "स्ट्रिप शोध. डॉक्टरला नाव सांगून भागत नाही. किती गेल्या ते दाखवावं लागतं."

माझी स्ट्रिप उशाशी होती. दहातल्या चार कमी. काकांनी बाजूचा ड्रॉवर उघडला. त्यात तसल्याच अजून रिकाम्या स्ट्रिप, वेगवेगळ्या दुकानांच्या पुड्यांत. काकांनी एकेक पुडी बघितली. बऱ्याचशा पुड्यांवर आमच्या दुकानाचं नाव होतं. सगळ्या शर्टाच्या खिशात घातल्या, आमच्यासुद्धा. त्यांनी मनात आणलं असतं तर आमच्या तेवढ्या गपचूप बाजूला काढता आल्या असत्या. ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते.

वॉचमननं आणि काकांनी मॅडमना खुर्चीत बसवून खाली आणलं. रिक्षानं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाळ अंगावर पितं का?" मला माहीत होतं, बाटलीनं पितं, डबा आमच्याकडूनच जायचा. तरी त्यांनी ईराला पण रात्रभर ठेवून घेतलं.

मॅडम संध्याकाळी शुद्धीवर आल्या. जीव द्यायला घेतल्या नव्हत्या. डॉक्टर बाईंनी मला आणि काकांना समजावलं. या गोळीची सवय होते. आधी एकीनं झोप येते, मग एकीनं येत नाही, दोन लागतात, मग तीन. घेणाऱ्याला वाटतं, आपण तेच औषध घेतोय. आणि एकदम बंद केली तरी त्रास, हळूहळू उतरवावी लागते. म्हणून पाच दिवसांची लिहितात. काका मान खाली घालून ऐकत होते. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. त्यांना यातलं काय माहीत नव्हतं?

हॉस्पिटलवाले अशी केस आली की पोलिसांना कळवतात. हवालदार आला. मला वाटलं, आता येरवड्याला नेतात. गुड्डीला कोण बघणार, नवऱ्याला कोण सांगणार. मी काका बोलायच्या आधीच बोलून टाकलं, "साहेब, गोळी मी दिली."

काका म्हणाले, "तिनं एकदा दिली. वही बघा, बाकीच्या वेळी मी दिली. लायसन्स माझं आहे. सगळं मीच माझ्या हातानं लिहिलंय, आणि मागचं पान एकदाही वाचलं नाही."

हवालदार म्हणाला, "तुम्ही भांडताय का कबूल करताय?"

नवरा रात्री हॉस्पिटलातच आला, कंपनीच्या कपड्यांवर. गुड्डीला घेऊन बाकावर बसून राहिला.

पुढं औषधखात्याचे साहेब आले. वही नेली, खण मोजला. दुकान महिनाभर बंद राहिलं. हिरव्या शिक्क्याच्या दुकानालाही नोटीस गेली. लाल शिक्का कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटलं होतं काका मला काढतील. महिन्यानं दुकान उघडलं तेव्हा त्यांनी वॉचमनकडून निरोप पाठवला, प्रणिताला म्हणावं, नऊला ये, एक ते चार दुकान बंद.

मॅडमची आई नागपूरहून येऊन राहिली. दीड महिन्यानं मॅडम दुकानात आल्या. बारीक झाल्या होत्या. मला वाटलं, काही चांगलं बोलतील. पण म्हणाल्या, "ताई, तुम्ही जिन्यात ओरडलात ना, सगळ्या सोसायटीला कळलं. लिफ्टमध्ये बाया माझ्याकडं बघून गप्प होतात."

मी म्हटलं, "चुकलं माझं, मॅडम."

"चुकलं नाही." त्या काउंटरची काच नखानं खरवडत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ऐकू येत होतं. ती रडत होती ते मला ऐकू येत होतं, ताई. मी उठतेय, उठतेय असं वाटत होतं, पण हात उचलत नव्हता. हे मी आईलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते."

मी काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांचा हात धरला. त्या दिवशी त्यांनी ईराचा दुधाचा डबा नेला आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी दाखवली. गोळी पावपावनं कमी करत न्यायची होती. साधा कागद होता, दोन ठिकाणी दुमडलेला. काकांनी त्यावर शिक्का मारला आणि फुंकर मारून वाळवला.

आता डॉक्टरही बदललेत, जरा तरी. मनाच्या डॉक्टरकडं पाठवतात. काही जण गोळी लिहितच नाहीत, संध्याकाळनंतर चहा बंद, अंथरुणात कॉम्प्युटर बंद, असं लिहून देतात. माणसं ती चिठ्ठी आमच्यापुढं धरून म्हणतात, "यात औषध कुठाय?" आणि नव्या नव्या गोळ्याही आल्यात. एमआर, म्हणजे कंपनीची माणसं, बॅग घेऊन येतात, सांगतात हिची सवय होत नाही. काका म्हणतात, "आधीच्या गोळीच्या वेळी तुमचे साहेब हेच म्हणाले होते."

प्लास्टिक केलेली चिठ्ठी आम्ही घेत नाही. लोक चिडतात. पण मी शिकले ते प्लास्टिकचं नाही. शिक्का बसला असता तरी त्या दिवशी मी ती स्ट्रिप दिलीच असती, मला मॅडमची दया आली होती. मॅडमनं तर स्वतः सांगितलं होतं, मावशी आली नाही. मी ते ऐकलं आणि खण उघडला.

म्हणून झोपेच्या गोळीचं गिऱ्हाईक आलं, चिठ्ठी बरोबर असली, काकांनी हो म्हटलं, तरी मी एक विचारते. गोळी कोण घेणार, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मी विचारते, ती घेतल्यावर घरात जागं कोण राहणार? बरेचजण हसतात. काही जण म्हणतात, तुम्हाला काय करायचंय? पण काही जण स्ट्रिप तिथंच ठेवून आधी फोन लावतात, आईला नाही तर शेजारी. तेवढ्यासाठी मी विचारते.